गुडघ्याच्या नोंदीवर आलेला अंगठा

आजारी पडण्यासाठी माणसाला घर लागतं, ही साधी गोष्ट वैद्यकशास्त्राने अजून मान्य केलेली नाही. पडायला खाट लागते. कण्हलं तर ऐकायला शेजारची खोली लागते. "दोन घास तरी खाऊन घे" म्हणणारं कुणीतरी लागतं, आणि त्यावर "मला नको" म्हणून भिंतीकडे तोंड फिरवायचं तर निदान भिंत तरी लागते. एवढी सामग्री ज्याच्याकडे नाही त्याने आजारी पडू नये, आणि बेघर माणसं हा नियम फार निष्ठेने पाळतात. ती आजारी पडत नाहीत. ती एखाद्या सकाळी थेट सापडतात.

आमच्या भागातल्या वैद्यकीय कॉलेजने ही परंपरा मोडायचं ठरवलं, त्याला कारणही तसंच घडलं होतं. करुणा हा विषय अभ्यासक्रमात नव्याने आला होता. लेखी परीक्षा सोपी होती (पाठ करता येत होती), पण प्रात्यक्षिकाला गरजू माणसं लागतात, आणि ती कॉलेजच्या आवारात येऊ नयेत म्हणून फाटकावर पहारेकरी नेमलेला होता. तेव्हा विद्यार्थ्यांनीच दर रविवारी सकाळी गरजूंकडे जावं असं ठरलं. जागा निवडली ती बंद पडलेल्या सिनेमागृहाचा व्हरांडा. तिकिटाच्या खिडकीत नोंदणी, पोस्टरांच्या रिकाम्या चौकटींखाली तपासणी आणि बाल्कनीच्या जिन्याच्या पायथ्याशी औषधवाटप. वर 'हाऊसफुल्ल'ची पाटी तशीच लटकत होती. ती काढायला शिडी लागते, आणि शिडीची मागणी विचाराधीन आहे.

या उपक्रमाचा स्थानिक निरीक्षक म्हणून माझी नेमणूक झाली, ती निव्वळ गुणवत्तेवर. (समोरच्या इमारतीत राहणारा, निवृत्त आणि स्वतःची घडीची खुर्ची असलेला उमेदवार मी एकटाच होतो.)

पहिल्या रविवारी पांढऱ्या कोटांचा थवा वेळेवर हजर झाला. रुग्ण एकही नाही. व्हरांड्यात राहणारी सगळी माणसं आपापली बोचकी उचलून रस्त्यापलीकडे जाऊन उभी राहिली होती. यात त्यांची चूक म्हणता येणार नाही. टेबल आणि वही घेऊन आलेली माणसं एकच काम करतात, ते म्हणजे उठवण्याचं, असा त्यांचा आजवरचा अनुभव होता. आता विद्यार्थी इकडे, गरजू तिकडे, मधे रस्ता. 'गरज सरो, वैद्य मरो' या म्हणीत गरज रोग्याची असते. इथे ती वैद्याची होती आणि सरण्याचं नाव घेत नव्हती.

विद्यार्थ्यांत एक जण होता, लांबलचक, खांद्यातून वाकलेला, नापास होण्याच्या भीतीने कायम भिजल्यासारखा दिसणारा. कुणालाही हात लावण्याआधी तो "सॉरी" म्हणायचा. नाडी बघताना सॉरी, सोडताना सॉरी. एकदा टेबलाला धडकला तर टेबलालाही म्हणाला. त्यामुळे त्याचं नावच सॉरी पडलं होतं. विभागप्रमुख सरांनी घड्याळात बघून "रुग्ण नाही तर गुण नाहीत," असं जाहीर केलं, तेव्हा या सॉरीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

रस्त्यापलीकडे मावशी उभी होती. मावशी भंगार वेचायची, आणि वयाने व आवाजाने व्हरांड्याची कर्ती बाई होती. तिने शेजारच्या छत्रीवाल्याला कोपराने ढोसलं.

"ते लांबडं पोर रडतंय बघ. जा ना रे, काहीतरी होतंय म्हण."

"मला काही होत नाही," छत्रीवाला म्हणाला. मोडक्या छत्र्या दुरुस्त करणारा हा पन्नाशीचा माणूस फार तत्त्वाचा होता.

"नाही होत तर होऊ दे. लोकाचं लेकरू आहे."

छत्रीवाला रस्ता ओलांडून आला आणि टेबलासमोर उभा राहून म्हणाला, "पोट."

सॉरीचा चेहरा असा उजळला की काय सांगावं. त्याने छत्रीवाल्याला बाकावर निजवलं, सॉरी म्हणून पोटावर हात ठेवला आणि पुस्तकातला प्रश्न विचारला, "जेवणाआधी दुखतं की जेवणानंतर?" छत्रीवाल्याने थोडा विचार करून "जेवणाआधी" असं उत्तर दिलं. (तो काळ मोठा असतो.) मग किती दिवस, कुठे, कसं, घरात आणखी कुणाला काय होतं, असं सगळं यथासांग झालं. छत्रीवाला परत आला तो खाली मान घालूनच.

"काय रे, सुई टोचली की काय?" मावशीने विचारलं.

"नाही. नाव विचारलं. मग आई कशाने गेली ते विचारलं."

"मग?"

"सांगितलं," तो म्हणाला, आणि बराच वेळ छत्रीच्या काड्या नुसत्याच इकडच्या तिकडे करत बसला.

पुढच्या रविवारी अख्खा व्हरांडा पोट दुखतं म्हणून रांगेत उभा. कॉलेजने ही साथ असल्याचं ताबडतोब ओळखलं. नगरपालिकेची माणसं आली, त्यांनी गटारात पांढरी पावडर टाकली, आणि पावडर उरली ती वाया जाऊ नये म्हणून लोकांच्या अंथरुणांवर टाकली. तेव्हापासून मावशीने सूत्रं हाती घेतली आणि शनिवारी संध्याकाळी आजारांचं वाटप सुरू केलं.

वाटप अत्यंत न्याय्य होतं. डोकेदुखी नवख्यांना. सांधे वडीलधाऱ्यांना. चक्कर मावशीने स्वतःकडे ठेवली होती, कारण बसून करता येत होती. छातीत दुखणं हे जबाबदारीचं काम. ते फक्त पेपर विकणाऱ्या म्हाताऱ्याकडे, कारण त्याला चेहरा गंभीर ठेवता यायचा. त्वचारोग कुणालाच नाही (दाखवावा लागतो). पदरी पडलं ते पवित्र मानायचं, दुसऱ्याच्या आजाराला हात लावायचा नाही, आणि पुढच्या रविवारी बरं व्हायचं. "पोरांना हुरूप येतो," मावशी सांगायची.

हे सगळं मला माझ्या गॅलरीतून स्वच्छ दिसत होतं आणि बऱ्यापैकी ऐकूही येत होतं. परंतु निरीक्षकाचं काम निरीक्षण करणं हे आहे. ते कुणाला सांगण्याची तरतूद नेमणूकपत्रात नव्हती.

उपक्रमाचं यश डोळे दिपवणारं होतं. बरे होण्याचं प्रमाण शंभर टक्के. औषधांचा खर्च शून्य, कारण मावशी दर रविवारी सगळ्यांच्या गोळ्या गोळा करून पेटीत परत आणून टाकायची. "पडून राहायच्या त्यापेक्षा कुणा आजारी माणसाला द्या," म्हणायची. (एकदा तर पेटीत आधीपेक्षा जास्त गोळ्या निघाल्या. कुणीतरी पदरच्या घातल्या असाव्यात.) सरांनी या अनुभवावर एका परिषदेत निबंध वाचला. छप्पर नसणं हे प्रकृतीला मानवतं की काय, असा विनम्र प्रश्न त्यांनी त्यात उपस्थित केला. निबंध इतका गाजला की कॉलेजच्या रुग्णालयात बऱ्याच दिवसांपासून खितपत पडलेल्या काही रुग्णांना प्रयोगादाखल बाहेर काढावं अशीही सूचना आली.

आणि मग तो रविवार उगवला. छत्रीवाल्याच्या वाट्याला गुडघा होता.

हुशार विद्यार्थी गुडघा म्हटलं की गुडघा बघतो, लिहितो आणि मोकळा होतो. सॉरी हुशार नव्हता. स्वतःवर काडीचा विश्वास नसल्यामुळे तो पुस्तकात असेल ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत करायचा.

"काका, सॉरी, मोजा काढू का?"

"मोज्यात काही नाही. गुडघा वर असतो."

"हो, पण सगळा पाय बघायला सांगितलंय."

"पाय पुढच्या रविवारी बघा ना. आज माझ्याकडे गुडघाच आहे."

"तुमच्याकडे आहे म्हणजे?"

छत्रीवाल्याने पाय आखडून घेतला. सॉरीने मोजा ओढला तर तो निघेना. पायाला चिकटला होता. त्याने आपल्या बाटलीतलं पाणी ओतून तो भिजवला आणि इंचाइंचाने सोडवला. आत पायाचा अंगठा काळाठिक्कर पडला होता. वासाने शेजारची मुलगी खुर्ची घेऊन मागे सरकली, आणि उपक्रमाचे फोटो काढणाऱ्या विद्यार्थ्याने कॅमेरा खाली घेतला.

"हे कधीपासून आहे, काका?"

"दुखत नाही हो ते."

"पण कधीपासून?"

"अहो, दुखतच नाही तर त्याला आजार कसं म्हणायचं? उगाच खोटं कशाला बोलू?"

सॉरी त्या वेळी सॉरी म्हणाला नाही. त्याने "सर!" अशी हाक मारली, आणि त्याचा आवाज एवढा मोठा आहे हे आम्हा सर्वांना, खुद्द त्यालाही, तेव्हाच कळलं.

सर आले, वाकून त्यांनी पाय पाहिला. ते वाईट गृहस्थ नव्हते. "साखर आहे अंगात. म्हणून दुखत नाही," ते हळूच म्हणाले. "आजच्या आज दाखल करा, नाहीतर पाय जाईल." मग वहीकडे पाहून त्यांनी एक शंका काढली की नोंद गुडघ्याची असताना अंगठा दाखल कसा करायचा. त्यावर सॉरीने वहीत गुडघ्यापुढे 'आणि खाली' असे दोन शब्द लिहिले. मला ते प्रशासकीयदृष्ट्या फार आवडले.

रुग्णालयाच्या खिडकीशी आम्ही चौघं जण पोचलो: चाकाच्या खुर्चीत छत्रीवाला, मागे सॉरी, बाजूला मावशी आणि निरीक्षणासाठी मी. खिडकीतला कारकून सभ्य होता.

"पत्ता?"

"सिनेमाचा व्हरांडा," मावशी म्हणाली.

"घर क्रमांक?"

"बाल्कनीच्या जिन्याखाली."

"मावशी, मी लिहीन हो. पण कॉम्प्युटर पुढे जात नाही. त्याला घर क्रमांक लागतो. नातेवाईक कोण?"

"मी."

"नातं काय?"

"तुम्हाला लागेल ते लिहा."

कारकुनाने मान हलवली. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला पत्ता आहे ही गोष्ट काही लपून राहिलेली नव्हती. ताकाला जाऊन भांडं लपवणारा मी नव्हेच. मी एका पायावर तयार होतो. पण पत्ता ही एकट्याची वस्तू नसते. त्यात सून असते, सोसायटी असते, उद्या त्या पत्त्यावर काय काय येईल याचा नेम नसतो. सर्व बाजूंनी विचार करून कळवतो, असं मी सांगितलं. (विचार अद्याप चालू आहे.)

"माझा लिहा," सॉरी म्हणाला. "हॉस्टेल, तळमजला, शेवटची खोली."

"तुम्ही कोण यांचे?"

"पुतण्या."

"खरंच?"

"मी यांना काका म्हणतो," सॉरी म्हणाला. "मग पुतण्याच की."

कॉम्प्युटर पुढे गेला.

अंगठा गेला, पाऊल वाचलं. ते कळेपर्यंत मावशी आणि सॉरी बाहेरच्या बाकावर बसून होते. मावशी पदराचं टोक पिळत होती. शेवटी तिला राहवेना.

"एक सांगू? रागवायचं नाही. सगळी सोंगं होती रे."

"कसली?"

"आजारांची. पहिल्या पोटापासून."

सॉरी तिच्याकडे बघतच राहिला. "ते पेपरवाले आजोबा? त्यांच्या छातीत..."

"घोडा आहे तो घोडा."

"आणि तुमची चक्कर? मी त्यावर रात्रभर वाचलं होतं, मावशी."

"ते दिसत होतं ना तुझ्या डोळ्यांवरून. म्हणून तर दुसऱ्या रविवारी बरी झाले."

"पण का?"

"तू रडत होतास," मावशी म्हणाली. जणू याहून वेगळं कारण असूच शकत नाही.

सॉरीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तो पुन्हा रडतोय असं वाटून मावशी आणखी काहीतरी होऊ देण्याच्या बेतात होती, पण त्याने हात काढले तेव्हा तो हसत होता, आणि ते हसू काही फार सुखाचं नव्हतं.

"मग तुम्हाला खरं काय होतं?"

मावशीने गालावर हात ठेवला. "मला? दाढ दुखते. दोन वर्षं झाली असतील. उजवीकडून चावत नाही."

"अहो, मी दर रविवारी विचारत होतो तुम्हाला!"

"विचारत होतास की. पण तेव्हा माझ्याकडे चक्कर होती."

रुग्णालयाचा एक उत्तम नियम आहे. गाडीतून घरी सोडायचा रुग्ण नोंदलेल्या पत्त्यावरच सोडावा लागतो. त्यामुळे छत्रीवाल्याला कुबड्यांसकट हॉस्टेलच्या दारात उतरवण्यात आलं. रेक्टरसाहेबांनी पाहुण्यांना मनाई असल्याचं दाखवून दिलं. सॉरीने, आजारी वडीलधाऱ्यांना चार दिवस ठेवता येतं, हे त्याखालचं कलम दाखवून दिलं. सॉरी खाली सतरंजीवर, काका खाटेवर. मुलं पाळीपाळीने मलमपट्टी करू लागली. त्यांचं खरं शिक्षण तिथे झालं असं म्हणतात, पण त्याला गुण नसल्याने खात्रीलायक माहिती उपलब्ध नाही. छत्रीवाला पहिल्या दिवशी ताटाकडे बघून "मला नको" म्हणाला, तर पाच जण एकदम ओरडले, "दोन घास तरी खा!" तो एवढा गांगरला की सगळं ताट संपवलं. नुसतं बसवेना म्हणून त्याने हॉस्टेलमधल्या सगळ्या छत्र्या दुरुस्त केल्या. त्यात रेक्टरसाहेबांची, कायम उलटी उघडणारी, छत्रीही होती. मग चार दिवस हा शब्द किती ताणता येतो हे त्यांच्याही लक्षात आलं. मावशी भेटायला आली ती दारातूनच बरसली, "तुला गुडघा दिला होता ना मी? अंगठ्याचा शहाणपणा कुणी सांगितला होता?" आणि मग पायाच्या पट्टीकडे बघून पदर डोळ्यांना लावून उभी राहिली. जखम भरून आली तसा काकांचा पुतण्याकडचा मुक्काम नियमानुसार संपला.

त्यानंतरच्या रविवारी सॉरीने एक अक्षम्य गोष्ट केली. त्याने वही मिटली, बाकावर बसला आणि व्हरांड्यातल्या लोकांना म्हणाला, "आज कुणाला काही होत नसलं तरी चालेल. मी रडणार नाही. पण काही होत असेल, तर जे होतंय ते सांगा."

लोकांनी सवयीने मावशीकडे पाहिलं. मग मावशीने त्याच्यापुढे आ वासला. ती दाढ बघून सॉरीच काय, सरसुद्धा "अरे बाप रे" म्हणाले. मग पेपरवाला म्हातारा आला आणि मुलींना जरा लांब जायला सांगून कानात कुजबुजला, की लघवीचा त्रास आहे, फार आहे. "छाती सोपी होती रे," तो म्हणाला. "हे कसं सांगायचं चारचौघांत?" मग एकेक जण येत गेलं. ऐकू न येणारा कान. बरी न होणारी खाज. एका बाईला झोप नव्हती. झोपलं की बोचकं जातं, म्हणून ती रात्रभर बसून असायची. यावर पुस्तकात काही नव्हतं. सॉरी म्हणाला, "तुम्ही आता झोपा. मी बसतो बोचक्यापाशी." ती दुपारपर्यंत झोपली आणि तो बसून राहिला.

परिणाम व्हायचा तो झाला. खरे आजार मोठे बेशिस्त असतात, ते पुढच्या रविवारी बरे होत नाहीत. बरे होण्याचं प्रमाण शंभरावरून घसरत घसरत लाज वाटेल अशा आकड्यावर आलं. औषधांची पेटी रिकामी झाली, आणि लोक गोळ्या परत करण्याऐवजी चक्क गिळू लागले. सरांच्या निबंधाची दुसरी आवृत्ती धोक्यात आली. तेव्हा कॉलेजने चौकशी समिती नेमली. समितीने कसोशीने काम केलं. सर्व रोग एकाच दिवशी, एकाच ठिकाणी उद्भवले असून प्रत्येक वेळी एकच विद्यार्थी हजर होता, असं तिला आढळलं. साथीचं मूळही तिने शोधून काढलं: विचारपूस. एकाने केली की दुसऱ्याला होते, आणि लस उपलब्ध नाही.

समितीच्या शिफारशीनुसार उपक्रम आता अधिक निकोप जागी हलवण्यात आला आहे. मला सांगायला आनंद वाटतो की ही जागा म्हणजे आमच्या इमारतीचं सभागृह. इथे गरजूंना पत्ता आहे, खुर्च्या आहेत, कपाटात मागच्या वर्षीच्या गोळ्या आहेत. आमची तक्रार फारशी नसते, कुणीतरी समोर बसून "काय होतंय?" एवढं विचारलं की पुढच्या रविवारपर्यंत आराम पडतो. पहिल्या दिवशी रांग जिन्यापर्यंत गेली होती. माझ्या सुनेने तर तासभर मनमोकळं केलं. (घरी मी बाजूच्याच खोलीत असतो, हे तिच्या बोलण्यात आलं नाही.) बरे होण्याचं प्रमाण पुन्हा शंभर टक्क्यांवर आलं आहे. सॉरी मात्र येत नाही. तो रविवारी अजून त्या व्हरांड्यात दिसतो, म्हणजे माझ्या गॅलरीतून दिसतो. त्याची गैरहजेरी मीच लावतो. करुणा या विषयात तो नापास झाला आहे, आणि पुढच्या वर्षी पुन्हा बसणार आहे.

वाचकांनीही या सेवेचा लाभ अवश्य घ्यावा. येताना घराचा पुरावा आणावा. आजार आणला नाही तरी चालेल. खरं तर तुम्हाला तपासण्याचीही गरज उरलेली नाही. हॉस्टेलमधला मुक्काम संपला त्या रात्री, एका अंगठ्याने कमी असलेला तो छत्रीवाला कुठे झोपला, हे एवढं सगळं वाचूनही तुम्ही मला विचारलेलं नाही. म्हणजे तुमची प्रकृती उत्तम आहे. तुम्हाला आम्ही बरे झालेल्यांत धरलं आहे.